आत्याची शुगर आणि आमची अक्कल

पहिलीच गोष्ट सांगून टाकते, या सगळ्या भानगडीत आत्याची चूक शून्य होती. हे लिहून ठेवायला लागतंय कारण आमच्या घरात बाबा अजूनही "ते ठीक आहे गं ताई, पण तरीसुद्धा तू जरा..." अशी वाक्यं सुरू करतात आणि मला हातात असेल ते फेकून मारावंसं वाटतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. सात वर्षांनी मोठी, अठ्ठावन्न पूर्ण. आमच्याच मजल्यावर समोरच्या दारात एकटी राहते, म्हणजे नावाला एकटी, कारण आमचं अर्धं घर कायम तिच्याकडे पडीक असतं. लग्न का नाही केलंस विचारलं तर सांगते, पहाटे पाचला कामावर जायचं असायचं, मला उठवून चहा देणारा भेटला असता तर केलं असतं. तेहतीस वर्षं एकाच बेकरीत आहे ती. बेकरी म्हणजे पुढे काचांचं दुकान आणि मागे एक लांबलचक खोली. खोलीच्या एका टोकाला भट्टी, तिथे भट्टीवाले काका, पाव-बनपाव सगळं त्यांचं. दुसऱ्या टोकाला आत्याचा ओटा. केक, कस्टर्ड, टार्ट, पुडिंग, जे काही गोड म्हणून त्या दुकानातून बाहेर पडतं ते या ओट्यावरून.

आणि हिला अकरा वर्षांपासून शुगर. माशाला पाण्याची ॲलर्जी व्हावी तसं.

पण ऐका, गंमत अशी की अकरा वर्षं तिने ती शुगर इतकी गुमान वागवली होती की आमचे नेहमीचे डॉक्टर दुसऱ्या पेशंटना तिचं उदाहरण द्यायचे. गोड सोडलं नव्हतं हां तिने. रोज खायची. रोज. पण तिचे कायदे होते, आणि कायदे म्हणजे कायदे. रिकाम्या पोटी गोडाला शिवायचं नाही. आधी जेवण, त्यात अंडी नाहीतर डाळ, वर ढीगभर काकडी आणि पाला. ज्या दिवशी टार्ट खायचा त्या दिवशी जेवणात पाव नाही, दोन्हीतलं एक. तुकडा बशीत घ्यायचा, तीही कपाखालची बशी, खुर्चीवर बसायचं आणि लहान चमच्याने दहा मिनिटं पुरवायचा. उभ्याने खाल्लेलं आणि प्यायलेलं गोड तिच्या मते गोड नाहीच, तो नुसता मूर्खपणा. आणि खाऊन झालं की दोन गल्ल्या पलीकडच्या कॉफीच्या दुकानाची ऑर्डर स्वतः चालत पोचवायची, व्हॅन असतानासुद्धा. "मी गोड खाते, गोड मला खात नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. आमचे बाबा, ज्यांना शुगर नाही, ते दिवसभर टीव्हीसमोर बिस्किटांचा पुडा मांडीवर घेऊन तिला पथ्यावर भाषण द्यायचे आणि ती ऐकून घ्यायची. धाकटा भाऊ आहे, बोलू दे.

कामावर चाखायलाही लागतं. चाखल्याशिवाय ट्रे ओट्यावरून हलत नाही हा तिचा नियम, पण चाखायचं म्हणजे चमच्याच्या टोकावर मसुराच्या दाण्याएवढं. दिवसभरात सगळं मिळून एक बिस्किट होत नसेल.

तर अशी छान घडी बसलेली असताना डोळे बिघडले. मोतीबिंदू. दोन्हीकडे, पण उजवा फारच. इतरांना मोतीबिंदू झाला तर पेपर वाचता येत नाही, हिला झाला तर कॅरॅमल दिसेना. साखर वितळते, पिवळी होते, मग तांबूस, आणि नेमक्या तांबूसला उतरवायची असते, नाहीतर अर्ध्या मिनिटात कडू जहर. आत्या नाकावर काम चालवत होती. वास आला की उतरवायची. पण सर्दी झाली त्या आठवड्यात दोन पातेली जळाली. मालक माणूस वाईट नाही, तो म्हणाला, ऑपरेशन करून या, ओटा तुमचाच आहे, पण फार लांबवू नका, मला कोणीतरी बघावं लागेल.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पंधरा दिवस शुगरची वही ठेवा, सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, दोनशेच्या आत राहिली तर ऑपरेशन. आत्या हसली. तिला वाटलं हा पेपर आपण झोपेत सोडवू. बाबांनी लगेच शुगरचं मशीन आणून दिलं. सोबत स्पिरिटचे बोळे होते ते पहिल्याच दिवशी बाबांनी मशीन पुसण्यात संपवले. बाबा म्हणाले परत आणायची गरज नाही, त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. कुठे वाचलं होतं हे आजतागायत सापडलेलं नाही.

आणि वहीत काय आलं माहितीये? सकाळी घरी एकशे बारा, एकशे नऊ, एकशे अठरा. सोन्यासारखं. दुपारी बेकरीत, आकडा भट्टीवाले काका वाचून द्यायचे, दोनशे सत्त्याऐंशी. दुसऱ्या दिवशी तीनशे चौतीस. मग दोनशे एकसष्ट, मग तीनशेदोन. पंधराच्या पंधरा दुपारी.

आता तुम्हीच सांगा, घरी चांगली, कामावर वाईट, यावरून शेंबडं पोरसुद्धा काय म्हणेल? बेकरीत खाते. बाबा तर जणू अकरा वर्षं याच दिवसाची वाट बघत होते. "मी म्हणत नव्हतो?" हे त्यांनी त्या संध्याकाळी किती वेळा म्हटलं ते आईने मोजणं सोडून दिलं. ऑपरेशन पुढे गेलं. नेहमीच्या डॉक्टरांनी वही बघितली, चेहरा पाडला, तीन महिन्यांची सरासरी सांगणारा जुना रिपोर्ट चांगला होता पण तो आता शिळा झाला म्हणाले, आणि सकाळची गोळी वाढवली. आत्या एवढंच म्हणाली की मी काही वेगळं खाल्लेलं नाही. मी मोबाईल बघत होते.

दुसरी तारीख गुरुवारची मिळाली. मंगळवारी नवीन वही दाखवायची. ही हुकली तर डॉक्टरीणबाई तीन महिने परगावी जाणार होत्या, आणि तीन महिने मालक थांबणार नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. तरी वही तशीच. उलट नवीनच सुरू झालं, सकाळी अकराच्या सुमाराला आत्याला घाम फुटायचा, हात थरथरायचे. मशीन लावलं की दोनशे चाळीस, दोनशे साठ. म्हणजे वाढलीये, म्हणून ती बिचारी काही खायची नाही, पाणी पिऊन बसायची. गोड तर तिने पूर्ण सोडलं होतं. म्हणजे ती म्हणत होती की सोडलंय, आणि आम्ही एकमेकांकडे बघत होतो.

शेवटी बाबांच्या डोक्यातून निघालं की हिला, म्हणजे मला, पाळतीवर पाठवायचं. कॉलेजला सुट्ट्या होत्या. शनिवारी सकाळी मला वही, मशीन आणि पेन देऊन बेकरीत बसवलं. आत्याला सांगितलं सोबत म्हणून येतेय. आत्याला मोतीबिंदू झाला होता, अक्कल गेली नव्हती. ती म्हणाली, "ये, पहारेकरीण बाई, स्टूल तिकडे आहे."

मी खरंच डोळ्यात तेल घालून बसले होते. एक गोष्ट कबूल करायला पाहिजे, ती काम करते ते बघण्यासारखं असतं. सकाळी येऊन कोपरापर्यंत हात धुतले, ते झालं धुणं. बेसिन तिकडे लांब भट्टीपाशी. त्यानंतर जेवणापर्यंत सगळं कोरड्या कपड्यावर, खांद्यावर एक पंचा असतो, त्याला हात पुसायचे की पुढचं काम. कारण ओला हात पिठीसाखरेत गेला की गाठी होतात आणि टार्टवर डाग पडतात. हे तिने मला दोनदा सांगितलं कारण मी दोनदा ओले हात घेऊन मधे कडमडले. कॅरॅमलचं पातेलं त्या दिवशी भट्टीवाले काका येऊन बघून जात होते, ती विचारायची, झालं का, ते म्हणायचे, अजून, अजून, आता. तेहतीस वर्षांनंतर दुसऱ्याला रंग विचारायचा. तिने पातेलं ओट्यावर जरा जोरातच आपटलं.

अकराला तिला घाम आला. मी बघत होते, कपाळावर एकदम थेंब, ओठ पांढरे, हातातली चाळणी थरथरायला लागली. ती पिठाच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, एक बिस्किट दे गं. मी आधी मशीन काढलं. बोट टोचलं. दोनशे एक्कावन्न.

आणि मी तिला बिस्किट दिलं नाही.

मी तिच्यासमोर मशीन धरलं, जे तिला दिसतही नव्हतं, आणि म्हटलं, "बघ, अडीचशेच्या वर आहे, आणि तुला बिस्किट पाहिजे. बाबा खोटं बोलत नाहीत ना मग." ती वर बघून म्हणाली, मला बरं वाटत नाहीये. मी म्हटलं, शुगर वाढल्यावर नाहीच वाटणार बरं. असा मोठा शहाणपणा.

भट्टीवाले काका लांबून बघत होते. ते आले, मला बाजूला केलं, आणि त्यांच्या स्वतःच्या चहाचा ग्लास तिच्या तोंडाला लावला. काका चहात तीन चमचे साखर घेतात. मी आरडाओरडा केला, की तिला साखर चालत नाही, तुम्ही काय करताय, मंगळवारी दाखवायचंय. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दहा मिनिटांत आत्याचे हात थांबले, चेहऱ्यावर रंग आला. आणि मला, मला त्या वेळी काय वाटलं सांगू? नाटक. चहासाठी केलेलं नाटक वाटलं. मी वहीत लिहिलं, अकरा वाजता गोड चहा, आणि खाली दोन रेघा मारल्या.

जेवणात तिने दोन अंडी, काकडी, पालेभाजी खाल्ली. गोड नाही. बशीच काढली नाही. तिच्या जागेवर बसून समोरच्या ट्रेकडे, म्हणजे ट्रे असेल त्या दिशेला, बघत होती. मग ऑर्डर पोचवायला गेली, मीही मागे मागे गेले, वाटेत कुठे काही तोंडात टाकते का बघायला. नाही टाकलं. परत आल्यावर साठ टार्टवर पिठीसाखर भुरभुरायची होती आणि एवढी रिकामी बसलीयेस तर हात चालव म्हणून तिने दुसरी चाळणी माझ्या हातात दिली. आम्ही दोघी तासभर तेच करत होतो. हवेत नुसता पांढरा धूर, माझ्या पापण्यांवर साखर.

दोन तास झाले. तिने पंचाला बोट पुसलं, पुढे केलं. तीनशे अकरा.

मी हादरले. कारण मी होते ना तिथे, मी तिच्यावरून नजर हलवलीसुद्धा नव्हती. मसुराच्या दाण्याएवढं चाखणं सोडलं तर काही नाही. म्हणजे मी बाथरूमला गेले तेवढ्यात खाल्लं असणार. मी तसं म्हटलंच. काय खाल्लंस, कधी खाल्लंस, खिसे दाखव. अक्षरशः खिसे दाखव म्हटलं मी माझ्या आत्याला, जिने मला सायकल शिकवली. तिला रडू आलं का राग आला मला कळलं नाही, तिचे डोळे तसेही पाणावलेलेच असतात हल्ली. तिने ॲप्रनचे दोन्ही खिसे बाहेर काढले. एकात पेन्सिल आणि एकात ओव्हनचे हातमोजे.

मग ती म्हणाली, "सगळ्यांची नजर माझ्याच बोटावर का म्हणून? आण तुझं बोट."

मी म्हटलं माझं कशाला. ती म्हणाली आण. माझा हात तिने असा धरला की सोडवता येईना, अंदाजानेच बोट चाचपलं, टोचलं, आणि मला वाचायला लावलं.

दोनशे शहाण्णव.

आता मी एकोणीस वर्षांची आहे. मला काही झालेलं नाही, मला साधा ताप येत नाही. दोनशे शहाण्णव बघून मी मशीन दोनदा हलवलं. घराण्यात आहे, आत्याला आहे, म्हणजे मलापण, एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे आता आयुष्यभर सुया, आणि माझे डोळे जाणार, आणि मी आईला फोन लावला आणि हमसून हमसून रडायला लागले. आईला वाटलं आत्या गेली. ती तिकडे रडायला लागली. भट्टीवाले काका धावत आले, त्यांनी फोन घेतला, त्यांना काही माहीतच नव्हतं, ते म्हणाले, सगळे जिवंत आहेत वहिनी, आणि फोन बंद केला. मग म्हणाले माझीपण बघा. ते नुकतेच पीठ खरवडून हात धुऊन आले होते. एकशे एक.

काका साठीचे, तीन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा. एकशे एक. मी अजूनच मोठ्याने रडले. हा कसला न्याय आहे.

आत्या एकटी गप्प होती. ती कधी गप्प बसते ते मला माहितीये, कस्टर्ड फाटलं की बसते, कुठे चुकलं ते शोधत. ती म्हणाली हात दे. माझं बोट तिने नाकापाशी नेलं, मग डोळ्यापाशी, काही दिसेना तेव्हा सरळ तोंडात घातलं.

मी किंचाळले. तिने बोट बाहेर काढलं, जिभेवर जरा घोळवलं, जसं ती क्रीमचं करते, आणि म्हणाली, "पिठीसाखर आहे."

मग स्वतःचं बोट चाटलं. मग तो पंचा, खांद्यावरचा, दिवसभर हात पुसलेला, त्याचा कोपरा चाटला. "ही पण."

आम्ही तिघं बेसिनपाशी गेलो. साबणाने धुतले, नखांतूनसुद्धा, भट्टीवाल्या काकांनी त्यांच्या धुतलेल्या टॉवेलने आमचे हात पुसले, शाळेतल्या पोरांचे पुसतात तसे. माझी ब्याण्णव. आत्याची एकशे एकेचाळीस.

एकशे एकेचाळीस. जेवणानंतर दोन तासांनी. म्हणजे इतके दिवस आम्ही आत्याचं रक्त मोजतच नव्हतो, तिच्या बोटाला चिकटलेली साखर मोजत होतो. आणि सकाळी घरी आंघोळ करून आलेली असायची म्हणून चांगली यायची. आणि अकरा वाजता, हे मला घरी जाताना बसमध्ये कळलं आणि मी खिडकीकडे तोंड केलं, अकरा वाजता त्या वाढवलेल्या गोळीने तिची शुगर खाली जात होती. खाली. आणि मशीन वर दाखवत होतं, म्हणून ती खात नव्हती, आणि मी देत नव्हते.

मी माफी मागितली, बसमध्येच. ती म्हणाली, पुढच्या वेळी आधी बिस्किट दे, मग पोलीसगिरी कर. बस, एवढंच. नंतर तिने विषयच काढला नाही, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं, तिने ओरडायला हवं होतं.

आता तुम्हाला वाटेल घरी जाऊन सांगितलं आणि सगळे खूश. छे. बाबा म्हणाले, आता मशीनला दोष द्या. मी म्हटलं मशीनला नाही, बोटाला. बाबा म्हणाले, बोटावरची साखर रक्तात कशी जाईल, काहीही. मी म्हटलं जात नाही, थेंबात मिसळते. बाबा म्हणाले, तू कॉमर्सची. मग मी डबा आणला, त्यांचं बोट धरलं, पिठीसाखरेत बुडवलं, पुसलं आणि टोचलं. मशीनने आकडाच दिला नाही, नुसतं इंग्रजीत "हाय" असं आलं, सहाशेच्या वर गेली की येतं तसं. बाबांनी विचारलं म्हणजे काय. आई म्हणाली, ओळख दाखवतंय तुम्हाला, एवढी बिस्किटं खाता ना. बाबा अर्धा तास घाबरून सोफ्यावर आडवे पडले. हात धुऊन परत बघू म्हटलं तर नको म्हणाले. आईने जबरदस्तीने धुतले. एकशे सहा. तेव्हा कुठे उठून बसले आणि म्हणाले, मला वाटलंच होतं, त्या बोळ्यांचं मी तेव्हाच म्हणालो होतो. आई स्वयंपाकघरात निघून गेली. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत होता.

नेहमीच्या डॉक्टरांना मी रात्र पडायच्या आत फोन केला, त्यांनी गोळी लगेच पहिल्यासारखी करायला सांगितली. पण वही? वहीतले दुपारचे सगळे आकडे खोटे. मंगळवारी दाखवणार काय? रविवारी लॅब बंद. सोमवारी सकाळी रक्त दिलं, तीन महिन्यांची शुगर कळते ते, रिपोर्ट मंगळवारी दुपारी म्हणाले, आणि आमची वेळ मंगळवारी अकराची. मी लॅबवाल्या ताईंना इतके फोन केले की शेवटी त्या माझा आवाज ओळखायला लागल्या आणि उचलून नुसतं "नाही आला" म्हणायच्या.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आत्या ताठ बसली होती, पर्स मांडीवर, चांगले कपडे. बाबा सोबत होतेच. तिथल्या सिस्टरने वही उघडली, आकडे बघितले आणि न विचारता म्हणाली, अरे रे, याच्यावर तर नाही होणार काकू. मी सांगायला गेले तर म्हणाली, सगळे काहीतरी सांगतातच. आत्याने माझा हात दाबला, गप्प. बाबांनी तोंड उघडलं, मला वाटलं आता परत "तरीसुद्धा" येणार, पण ते म्हणाले, "माझी बहीण खोटं बोलत नाही हो. आम्हीच गाढव आहोत." आणि लगेच इकडेतिकडे बघायला लागले, जणू दुसरंच कोणी बोललं. आत्याने ऐकलं का नाही काय माहीत. ऐकलंच असणार.

अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी लॅबचा मेसेज आला. सहा पूर्णांक सहा, म्हणजे सातच्या आत, उत्तम. मी नंबर वाचला आणि आधी आत्याला सांगायचं सोडून सिस्टरच्या नाकासमोर मोबाईल धरला. चांगलं नाही केलं, पण केलं.

आत डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. वही चाळली, रिपोर्ट बघितला, आत्याचा हात हातात घेऊन बोटं उलटसुलट केली. इतक्या वर्षांत असा पेशंट पहिलाच म्हणाल्या. मग बाबांकडे आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या की यांची शुगर उत्तम आहे, तुम्ही सगळ्यांनी मिळून ओट्याची शुगर मोजलीत. तरी गुरुवारी सकाळी त्यांच्यासमोर एकदा तपासणार, हात त्यांच्या बेसिनला धुऊन. आत्याने विचारलं, आणि गोड? बाई म्हणाल्या, जसं आधी खात होतात तसंच खा, माझी शुगर तुमच्याएवढी बरी नाहीये. 

गुरुवारी एकशे चोवीस निघाली, आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. एवढ्या वीस मिनिटांसाठी आम्ही त्या बाईला दोन महिने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि बाबा तिला आमच्याच घरी घेऊन आले, कारण आठवडाभर वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही, आणि मालकाने सांगितलं होतं महिनाभराने या, ओटा आहे तिथेच आहे.

आत्या आमच्या बैठकीत बसली. उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. मग म्हणाली, या भिंती क्रीम कलरच्या होत्या ना? आई म्हणाली, आहेतच. आत्या म्हणाली, नाहीत. मग पंखा. पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ आहे, कोपऱ्यात जळमट आहे, पडद्यावर हा डाग कधीचा, फ्रीजच्या हँडलवर किती हात. एकेक. आईचा चेहरा लाल होत चालला होता. मला हसू आवरेना तर ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, तू भुवयांचं काय करून घेतलंस गं हे, कोणी सांगितलं तुला? दोन महिने मी करून फिरत होते, तिला दिसलंच नव्हतं.

मग बाबा ड्रॉप्सची बाटली घेऊन आले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. बाबा म्हणाले, काय झालं, दुखतंय का? ती म्हणाली, "छोट्या, तू केव्हा एवढा म्हातारा झालास रे?"

बाबांनी बाटली उघडली, तिची मान मागे केली, आणि तिच्याकडे न बघता सोडलेला पहिला थेंब तिच्या गालावर, दुसरा नाकावर. तिसरा उशीवर.

"डोळा वर आहे," आत्या म्हणाली. "नीट बघ जरा."